संस्था थांबली, तर घरच्यांनी जायचे कुठे?
घरातल्या कुणी आत्महत्या केली की तेरवीनंतर पाहुणे परततात. अपराधीपणा आणि लोकांची कुजबुज मागे उरते. पात्र शेतकरी कुटुंबाला एक लाखाचे सरकारी साहाय्य मिळते, पण त्याने मन हलके होत नाही. आधार देणाऱ्या संस्था बहुधा देणग्यांवर चालतात. पैसा आटला की आधी कार्यकर्ता जातो, मग अशा कुटुंबांची आधार-बैठक. राज्याचा शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५मध्ये १४ जिल्ह्यांत आला, त्यात गोंदिया नव्हता. त्या जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावात मग भिस्त ग्रामीण रुग्णालय, आशाताई आणि २०२२पासूनच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६, मोफत, मराठीतही). बैठक समाजमंदिरातही भरेल. प्रशिक्षित माणूस तेवढा हवा. बंद होणाऱ्या संस्थेने कुटुंबांना आधी स्वतः कळवावे आणि त्यांच्या नोंदी संमतीनेच पुढे सोपवाव्यात.