लाइट गेली आणि समुद्र थांबला!

हॉलमध्ये छोटासा समुद्र पाळायची हौस भारी असते. पण पंप बंद पडला किंवा पाण्याचं गणित बिघडलं की पहिल्या काही तासांत तुम्ही काय करता (आणि काय करत नाही!) यावर सगळं ठरतं...

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळचे दहा वाजून गेलेले. मुलुंडच्या एका टू-बीएचकेमध्ये आमचा एक मित्र वर्क फ्रॉम होमचा पहिला कॉल संपवून दुसऱ्याची लिंक उघडतोय, आणि स्क्रीन गोठते. वायफाय गेलं असेल, असं त्याला वाटलं. मग डोक्यावरचा पंखा मंदावला. आणि मग हॉलमधून सहा वर्षं अखंड येणारी ती बारीक घुरघुर थांबली. घरात कुणाला तिची जाणीवच उरली नव्हती. "ती शांतता ऐकू आली तेव्हा खरं टेन्शन आलं," तो सांगतो.

त्या दिवशी मुंबईचा वीजपुरवठाच कोलमडला होता. लोकल जागच्या जागी उभ्या, सिग्नल बंद. शहराच्या काही भागांत दुपारी वीज परतली, काही उपनगरांत मात्र रात्र उजाडली. आता गंमत बघा, पुणेकराला गुरुवारची सवय असते. त्याच्याकडे इन्व्हर्टर असतो, निदान मेणबत्ती कुठे आहे हे तरी माहीत असतं. मुंबईकराचा मात्र ठाम विश्वास असतो, की आपल्याकडे लाइट जात नाही. आमच्या मित्राकडे चाळीस हजारांचं फिल्ट्रेशन होतं, पण बॅटरीवर चालणारा दोन-तीनशे रुपयांचा एअर पंप नव्हता.

त्याचा टँक चार फुटी, साधारण २५० लिटरचा. त्यात क्लाउनफिशची जोडी (निमो म्हणा, सगळे तेच म्हणतात), एक गोबी, शंखगोगलगायी, लेदर कोरल, मशरूम, झोअँथिड आणि बराच लाइव्ह रॉक. दगडी प्रवाळ नाहीत. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. सी फॅनही त्यातच येतो. त्यामुळे दुकानदाराने 'चलता है बॉस' म्हणत काही पुढे केलं तर हात मागे घ्या. दंडाचं जाऊ द्या, थेट जेलची तरतूद आहे.

चहा गार करतात तसं

पंप थांबला की आधी काय संपतं? लाइटची काळजी करू नका, प्रवाळ एक-दोन दिवस अंधारात काढू शकतात. जेवणाचीही नको, उलट अशा दिवशी माशांना खायला घालूच नका. संपतो तो ऑक्सिजन. २६ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. गोड्या पाण्यात याहून जास्त मावतो. म्हणजे खारं पाणी आधीच हात आखडता घेणारं, त्यात पाणी तापलं की आणखी कंजूष. आणि हा तर ऑक्टोबर हीटचा सोमवार! शिवाय ऑक्सिजन फक्त मासे खात नाहीत. लाइव्ह रॉकमध्ये राहणारे, टँकमधली घाण पचवणारे कोट्यवधी बॅक्टेरियाही त्याच ताटात जेवतात.

दुपारी एकपर्यंत क्लाउनची मादी वर येऊन तोंड उघडमीट करायला लागली. मित्र फोनवर ओळखीच्या टँकवाल्यांना गाठत होता. नेटवर्क येत-जात होतं, आणि फोनची बॅटरी उतरत होती. शेवटी आई स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली.

"अरे, चहा गार करताना वरून ओततो ना, तसं ओत की. हवा लागू दे पाण्याला."

"आई, असं नसतं ते. त्याला प्रॉपर एरेशन लागतं."

"मग हे काय आहे?"

एरेशनच होतं ते! पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ऑक्सिजन आत जातो. जगातला सगळ्यात महागडा वेव्हमेकरही शेवटी तेच करतो. मग पाळ्या लागल्या. दर पाच-दहा मिनिटांनी वीस-पंचवीस तांबे, फूटभर उंचीवरून. मित्र, त्याची बायको, आई. मध्येच खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या: "अरे, आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी गळतंय, तुमचा नळ चालू राहिलाय का?" नळ नव्हता, सम्प होता. पंप बंद झाल्यावर रिटर्नच्या पाइपमधून टँकचं पाणी सायफनने खाली उतरलं होतं. सम्प काठोकाठ भरलेला, त्यामुळे चार-पाच बादल्या खारं पाणी फ्लोअरिंगवर आणि तिथून काकूंच्या छतात. हे टाळणं अगदी सोपं आहे. आज रात्री पंपाचा स्विच मुद्दाम बंद करा आणि सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं ते बघा. जास्त चढलं तर सम्पची रोजची पातळी खाली आणा, नाहीतर रिटर्नचं तोंड पृष्ठभागाजवळ घ्या. माझ्या ओळखीच्या चार टँकवाल्यांपैकी तिघांनी हे कधीच केलेलं नव्हतं.

पावडरीचा डबा

रात्री साडेनऊला लाइट आली. पंप घुरघुरले, सगळे मासे जिवंत. घरात टाळ्या वाजल्या. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण मित्राने टेस्ट किट काढलं. पीएच ७.७. एरवी त्याचा ८.२ असतो. आकडा बघून तो हादरला आणि कपाटातून बफरचा डबा काढला. "तीन चमचे टाकले. मोजून नाही, असेच." पाच मिनिटांत सम्पमधलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. सकाळी मादी वाळूवर आडवी पडली होती.

नक्की काय झालं, हे त्याने नंतर वही-पेन घेऊन समजून घेतलं. आणि या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे, म्हणून जरा डिटेलमध्ये.

पीएच उतरला होता तो दिवसभर कार्बन डायऑक्साइड पाण्यात कोंडल्यामुळे. क्षारता, म्हणजे टँकवाले ज्याला अल्कलिनिटी म्हणतात ती, जागेवरच होती. ती मोजली असती तर नेहमीसारखी आठच्या आसपास आली असती. त्यावरचं औषध होतं हवा. पंप चालू, खिडक्या उघड्या, आणि आपण झोपायला जायचं. सकाळपर्यंत पीएच बराचसा वर आला असता. त्याऐवजी आधीच पुरेशा असलेल्या क्षारतेवर तीन चमचे बफर पडलं. एकाच जागी इतका कार्बोनेट आला की पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडते आणि चुन्याचा साका खाली बसतो. ते पांढरं ताक म्हणजे तोच साका.

खरा घात मात्र वेगळाच होता. दिवसभरात रॉकमागे काही गोगलगायी मेल्या होत्या आणि बॅक्टेरियाही अर्धमेले होते. त्यामुळे पाण्यात अमोनिया चढला होता. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. पीएच जितका वर, तितका विषारी रूपाचा वाटा जास्त. पीएच ८ वरून ८.४ वर गेला की हा वाटा दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे कमी पीएचच त्या रात्री माशांना सांभाळून घेत होता, आणि आमच्या मित्राने नेमकं तेच कवच काढून घेतलं! मादी कशाने मेली हे छातीठोक कोण सांगणार? पण सकाळी अमोनिया ०.५ होता आणि पीएच साडेआठच्या जवळ. दिवसभर दमलेल्या माशाला तेवढं पुरतं.

म्हणून इमर्जन्सीत आधी अमोनिया मोजा, मग क्षारता, मग खारटपणा आणि तापमान. पीएच सगळ्यात शेवटी. अमोनिया दिसला तर २५-३० टक्के पाणी बदला. नवं पाणी तितकंच खारट आणि तितकंच कोमट हवं. सोबत ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि अमोनिया बांधणारं द्रावण. अडचण एवढीच, की मीठ नीट विरघळून पाणी स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि लाइट नसताना आरओ मशीन चालत नाही. त्यामुळे कालवलेल्या खाऱ्या पाण्याचे २० लिटरचे दोन-तीन जार बाल्कनीत सावलीला कायम तयार हवेत. बायको किंवा नवरा कटकट करेल. करू दे.

आणखी एक, आणि हे जिवावरचं आहे. क्रॅश झाल्यावर बरेच जण रॉक बाहेर काढून गरम पाण्यात उकळतात. झोअँथिड आणि त्यांच्या भावंडांत पॅलीटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. त्याची वाफ श्वासात गेल्याने जगभरात अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात भरती झाली आहेत. रॉक उकळायचा नाही, घासायचा असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून.

मे महिना, चिलर आणि टेबल फॅन

परदेशातली पुस्तकं हीटर बंद पडण्याच्या भीतीने भरलेली असतात. आपलं दुखणं उलटं आहे. आपला चिलर मे महिन्यात बसतो, तोही शनिवारी संध्याकाळी, जेव्हा सर्व्हिसवाला फोन उचलत नाही. अशा वेळी झाकण काढा आणि पृष्ठभागावर तिरका टेबल फॅन लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पावसाळ्याच्या दमट हवेत ही युक्ती अर्धीच चालते. पाण्यात थेट बर्फ टाकू नका, बर्फाच्या बंद बाटल्या सोडा, एका वेळी एकच. तासाला अंशभर उतरलं तरी पुष्कळ. फॅनमुळे पाणी झपाट्याने आटतं, मीठ मात्र तिथेच राहतं. त्यामुळे भर घालताना गोडं आरओचंच पाणी.

ही भर आपोआप घालणारं यंत्र असतं, त्याचा फ्लोट अडकला तर? एका ओळखीच्या बँकवालीच्या टँकमध्ये रात्रभर गोडं पाणी पडत राहिलं आणि खारटपणा ३५ वरून २८ वर आला. तिने मात्र डोकं शांत ठेवलं. दोन दिवस घेऊन, थोडं थोडं खारं पाणी घालत तो वर आणला. तिचे मासे वाचले, एकही कोळंबी गेली नाही. पुण्यातल्या डिसेंबरात हीटर लागतोच, तर एका मोठ्याऐवजी दोन छोटे घ्या. थर्मोस्टॅट चालू स्थितीत चिकटला, तर एकटा छोटा हीटर टँकचं सूप करू शकत नाही.

काही गडबड दिसली की पाण्यात हात घालण्याआधी मेन स्विच बंद. टँकच्या लाइनवर ईएलसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा. खाऱ्या पाण्याशी आणि करंटशी मस्करी नको.

कधीकधी तर काहीच बिघडलेलं नसतं. शनिवारी घरी पंधरा जणांची पार्टी, एसी चालू, खिडक्या बंद. रात्री पीएच ७.८! घाबरायचं कारण नाही, तो पाहुण्यांचा श्वास आहे. खिडकी उघडा. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी मात्र खिडकी बंद आणि एअर पंपही बंद, कारण तो खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो.

इन्व्हर्टरचं गणित

मित्राने महिन्याभरात इन्व्हर्टर घेतला. प्युअर साइन वेव्हचा, कारण स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंपाच्या मोटारी गुणगुणतात आणि तापतात. त्यावर चिलर नाही, लाइट नाही, फक्त २० वॅटचा वेव्हमेकर. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर देते. त्यातली निम्मी वापरली तरी दीड दिवस निघतो. शिवाय दोन एअर पंप, सेलसकट, टँकखालच्या कपाटात. कॅनिस्टर फिल्टर असेल तर त्याला वेगळा नियम: तो काही तास बंद राहिला तर तसाच चालू करू नका. आतलं सडकं पाणी आधी ओतून द्या, मीडिया खाऱ्या पाण्यात विसळा आणि मगच लावा.

मागच्या रविवारी त्याच्याकडे गेले होते. टँक भरलाय, लेदर कोरल ताटाएवढं झालंय. मादी गेल्यावर एकटा पडलेला नर काही महिन्यांत अंगाने भरला आणि मादी झाला. क्लाउनफिशमध्ये असंच असतं, जोडीतली मोठी गेली की मागे राहिलेला तिची जागा घेतो. मग त्याने एक इवलासा नवा नर आणून सोडला. 'तो' आता 'ती' आहे, आणि नव्या नवऱ्याला दिवसभर कोपऱ्यात पळवत असते. दगडाच्या आडोशाला केशरी अंड्यांचा ठिपका होता. मी वाकून बघत होते तेवढ्यात मित्राच्या आईने आतून विचारलं, "तांब्या परत देणार आहेस का रे कधी, की तिथेच राहणार आता?"