स्वस्त आहाराचे महाग अनुपान



इस्लापूरसारख्या गावातही आता सायंकाळी तळणाच्या गाड्यांभोवती गर्दी असते. गतवर्षी एका तरुणाच्या आम्लपित्तावर मी दोन महिने अविपत्तिकर चूर्ण देत राहिलो. रोजचे रात्रीचे जेवण गाडीवरील तळलेले चिकन आहे, हे मी तिसऱ्या भेटीत विचारले तेव्हा कळले. निदानपरिवर्जन राहून गेले, चूक माझीच. अशा घासाचे पूर्ण मूल्य गाडीवर चुकते होत नाही. उरलेली रक्कम चिकित्सालयात आणि औषधालयात भरावी लागते.

पहिला खर्च तेलाचा. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात अपायकारक ध्रुवीय संयुगे वाढतात; जुलै २०१८ पासून त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के आहे. गाडीवर ती कोण मोजणार?

दुसरा खर्च मांसाचा. ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोची होते. दाटीत रोग होऊ नयेत व वजन लवकर वाढावे, म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची प्रथा पडली आणि औषधांना न जुमानणारे जंतू बळावले. मानवी संसर्गातील अखेरच्या अस्त्रांपैकी एक असलेले कोलिस्टिनही त्यात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या अशा वापरावर बंदी घातली.

तिसरा खर्च साथीचा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला व लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये तो आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मुरुंबा येथे आला. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई शासकीय तिजोरीतून, म्हणजे मांस न खाणाऱ्याच्याही खिशातून जाते.

चरकाचार्यांना मांस वर्ज्य नव्हते. बृंहणार्थ त्यांनी मांसरसाची प्रशंसाच केली आहे. परंतु सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात अतिमेदयुक्त, तसेच ‘अगोचरभृत’, म्हणजे स्वाभाविक अधिवासाबाहेर पोसलेल्या प्राण्याचे मांस त्यांनी त्याज्य ठरविले. बंद शेडमधील पक्ष्याला हे वर्णन तंतोतंत लागू पडते.

म्हणून ‘मांसाहार करता का?’ एवढ्यावर थांबू नये. मांस कुठले, आठवड्यातून किती वेळा, कोणत्या तेलात, हेही प्रकृतिपरीक्षणासोबत नोंदवावे. औषधालयचालकांनी कोंबड्यांसाठी प्रतिजैविक मागणाऱ्यास पशुवैद्यकाच्या चिठ्ठीविना ते देऊ नये. त्या विक्रीतला नफा थोडा आहे. त्याची किंमत मात्र उद्या आपल्याच गावातील एखाद्या रुग्णाला मोजावी लागेल.