शिंबावंत वृक्ष आणि नवी मुंबईतील टेकड्यांचे पुनर्वनीकरण

शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या कुळातील देशी वृक्षांना नेमके खत देऊन उजाड झालेले उष्ण कटिबंधीय वन पुन्हा उभे करणे, ही पुनर्वनीकरणाची एक पद्धत आहे. नवी मुंबईच्या पूर्वेकडील पारसिक व खारघर डोंगरांना ती विशेष लागू पडते. बेसाल्ट खडकाच्या या डोंगरांवरील पानझडी वन तोड, चराई, दगडखाणी व वणवे यांमुळे विरळ झाले. अनेक उतारांवर पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात उघडा मुरूम एवढेच दिसते.

नत्राचे स्थिरीकरण

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असला, तरी झाडांना तो थेट घेता येत नाही. शिंबावंतांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू तो अमोनियाच्या रूपात बांधतात व मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेतात. पुढे पानगळीवाटे तो मातीत उतरून शेजारच्या झाडांनाही मिळतो. पनामातील वाढत्या वनांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या १२ वर्षांत लागणाऱ्या नत्रापैकी निम्म्याहून अधिक नत्र अशा वृक्षांनी पुरवल्याचे आढळले.

मात्र सर्वच शिंबावंत हे काम करीत नाहीत. दसऱ्याला सोने म्हणून वाटली जाणारी पाने ज्याची, तो आपटा आणि वृक्षारोपणात हमखास दिसणारा बहावा यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. वनात त्यांचे स्थान आहेच. परंतु मातीत नत्राची भर घालण्यासाठी खैर, पळस, पांगारा, करंज, शिरीष व बिबळा हे वृक्ष निवडावे लागतात. गिरिपुष्प (उंदीरमारी) नत्र बांधते व झपाट्याने वाढते. पण ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून केवळ त्याचीच लागवड केल्यास वन न होता एकसुरी झाडी तयार होते.

खताची निवड

नत्र बांधण्यास फार ऊर्जा लागते व त्यासाठी स्फुरद आवश्यक असते. उलट युरियामुळे आयता नत्र मिळून मुळांवरील गाठी कमी होतात. शिवाय त्याचा लाभ रोपांआधी गवताला होतो, आणि वाळलेले तेच गवत उन्हाळ्यात वणव्याला खाद्य पुरवते. त्यामुळे रोपाभोवतीचे गवत कापणे खताइतकेच महत्त्वाचे आहे.

सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद (फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात) असते. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही. म्हणून ते कुजलेल्या शेणखतासह खड्ड्यात, मुळांच्या आवाक्यात घालणे योग्य ठरते. उतारावर उधळलेले खत पहिल्या मुसळधार पावसात मातीसह वाहून जाते. पारसिकच्या पश्चिम उतारांवरील पाणी ठाणे खाडीला मिळते आणि ही खाडी २०२२ पासून रामसर पाणथळ स्थळ आहे.

खाणीच्या मुरमात योग्य जिवाणू पुरेसे असतीलच असे नाही. रोपवाटिकेत पिशव्या भरताना त्याच जातीच्या निरोगी, जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळल्यास ते रोपाबरोबर टेकडीवर पोहोचतात.