दाण्यातलं भोक

रायफलीच्या बिनधुराच्या दारूचा एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहावा. पेन्सिलीतल्या शिशाचा तुकडा वाटावा असा करडा, चकचकीत, जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा. बारकाईनं पाहिलं की मधोमध आरपार भोक दिसतं. सगळी करामत त्या भोकात आहे.

अमेरिकेत वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं घरीच तयार करणारे शिकारी आणि नेमबाज पुष्कळ आहेत. (आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही करणं सरळ गुन्हा.) २०२०च्या महामारीत त्यांच्या दुकानांतले दारूचे डबे दिसेनासे झाले. मग युक्रेनच्या युद्धानं तोफगोळ्यांची मागणी वाढवली आणि टंचाई पुन्हा डोकं वर काढू लागली. नेहमीचा डबा नाही. शेजारी दुसराच उभा आहे. तो चालेल का?

रसायन पाहिलं तर चालायला हरकत नसावी. रायफलीची बहुतेक दारू म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज, कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेलं. काहींत नायट्रोग्लिसरीनही असतं. पण डब्याडब्यांतला खरा फरक आहे तो जळण्याच्या वेगाचा, आणि तो वेग ठरवण्यात दाण्याच्या आकाराचा अन् त्याच्यावरच्या लेपाचा वाटा फार मोठा.

दारू पेटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ जातो. तेवढ्यात सुमारे तीन ग्रॅम दारूचा वायू होतो आणि .३०-०६ सारख्या काडतुसात दाब वातावरणाच्या चार हजार पटींपर्यंत चढतो. गंमत म्हणजे हीच दारू उघड्यावर पेटली तर नुसती भसभसून जळते. दाब वाढला की तिचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी चढतो. १८८४ मध्ये बिनधुराची दारू बनवणाऱ्या पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानंच दाब आणि ज्वलनवेग यांचं हे नातं सूत्रात बसवलं.

हे चक्र आवरायचं कसं? भरीव दाणा बाहेरून जळत आत जातो, त्याचा पृष्ठभाग घटत जातो. म्हणजे सुरुवातीला वायू भरपूर आणि गोळी पुढे सरकून मागची जागा वाढली की नेमका कमी. मधे भोक पाडलं की दाणा आतूनही जळतो. बाहेरचा पृष्ठभाग जेवढा आक्रसतो, जवळपास तेवढाच आतला रुंदावतो आणि वायू एकसारखा निघत राहतो. तोफांच्या दाण्यांना सात-सात भोकं असतात. तिथे जळता पृष्ठभाग चक्क वाढत जातो. शिवाय दाण्याच्या कडेत मंदक द्रव्य मुरवलेलं असतं, आरंभीची आग दबून राहावी म्हणून. वरचा ग्रॅफाइट स्थिर विजेची ठिणगी टाळतो. सहस्रांश सेकंदाच्या आत कधी किती जळायचं, हे कारखान्यातच ठरवून दाण्यात घातलेलं असतं! मला तरी हे बंदुकीहून जास्त थक्क करणारं वाटतं.

मग पर्याय कसा निवडायचा? सर्वांत वेगवान दारूपासून सर्वांत मंद दारूपर्यंत क्रम लावलेले तक्ते मिळतात. टंचाईत सगळे आधी तिथेच धावतात, आणि फसण्याची जागाही तीच. तक्ता क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. शेजारच्या दोन नावांत किंचित फरक असेल किंवा बराच. काडतूस बदललं की त्यांची जागाही उलटू शकते. मुरलेले लोक म्हणून तक्त्यावरून अंदाज बांधत नाहीत. उत्पादकांच्या पुस्तिकेत आपलं काडतूस आणि आपल्या वजनाची गोळी काढून, तिथे प्रत्यक्ष चाचणी झालेल्या दारूंपैकी बाजारात मिळेल ती घेतात आणि तिच्यासाठी छापलेल्या किमान मापापासून सुरुवात करतात. आधीच्या दारूचं माप नव्या दारूला लावायचं नाही.

नुसतं नाव पाहणं किती धोक्याचं, याचा मासला म्हणजे ४८३१ हा आकडा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससचे ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकत घ्यायला सुरुवात केली. पहिली होती गरँड रायफलीची ४८९५. पैसा उभा केला विम्याच्या पॉलिसीवर आणि कोठार म्हणून वापरला रेल्वेचा जुना डबा. पुढे २० मिलिमीटर तोफांच्या काडतुसांतली ४८३१ आली आणि मोठ्या रायफलींना इतकी मानवली की साठा संपत आल्यावर हॉजडन यांनी ती नव्यानं बनवून घेतली. १९७०च्या दशकात ड्युपाँट या अमेरिकी कंपनीनंही त्याच आकड्याची दारू बाजारात आणली. हॉजडन यांची ती एच ४८३१, ड्युपाँटची आयएमआर ४८३१. आकडा तोच, पण आयएमआर जास्त वेगानं जळते. एकीचं कमाल माप दुसरीला लावलं तर दाब हद्दीबाहेर जाऊ शकतो.

एच ४८३१ आज ऑस्ट्रेलियात बनते, म्हणजे कॅन्ससच्या शिकाऱ्याचा डबा समुद्र ओलांडून येतो. नायट्रोसेल्युलोजसाठी लागणारा कापसाच्या सरकीवरचा आखूड तंतू मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो. या दारूच्या कारखान्यांना सैन्याचीही मागणी पुरवायची असते, म्हणून तोफा धडाडू लागल्या की हरणाच्या शिकारीचा डबा मागे पडतो. आपल्या भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीतही याच कुळातली प्रणोदकं बनतात.

टंचाईत लोक माळ्यावरचे जुने डबेही खाली काढतात. नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होत असतं आणि त्यातून निघणारे आम्लकारक वायू शोषायला डायफेनिलअमाइन घातलेलं असतं. ते संपलं की खेळ संपला. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास आला, दाण्यांवर गंजासारखी तांबूस धूळ दिसली, तर ती दारू गेली. डब्यावरची चिठ्ठी निघाली असेल तर वास चांगला येऊनही उपयोग नाही, कारण नुसत्या डोळ्यांनी जळण्याचा वेग ओळखता येत नाही. अशी बेवारस दारू अमेरिकेतले काही जण अंगणातल्या हिरवळीवर पातळ पसरून देतात. नायट्रोजन असतोच तिच्यात. गवत चांगलं वाढतं म्हणतात.