देवडीवरचा डोळा

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकापाशी उभे राहा, वर कुठेतरी एक काळा गोल डोळा आपल्याकडे बघत असतो. एके काळी तो फक्त बँकेत आणि सराफाच्या पेढीवर दिसे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा माणसे गेली. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. त्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे बसवण्याच्या मागणीने जोर धरला आणि ते बसलेही. आता तोच डोळा घरात आला आहे. दोन-अडीच हजारांत मिळतो आणि भिंतीला दोन खिळे मारले की लागतो.

घरात येण्याचे कारणही पुण्याचेच आहे. हे पेन्शनरांचे शहर. म्हातारी माणसे इथे आणि मुले कॅलिफोर्नियात, लंडनला, दुबईत. मुले म्हणतात, कॅमेरा लावला म्हणजे तुमची काळजी मिटली. कॅमेरा लागतो, घरातल्या मोबाइलवर चित्रही दिसते. पण मुलगा विमानाने परत गेला की तिथून त्याला काहीच दिसत नाही. असे का होते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर तंत्रज्ञांच्या भाषेत अवघड वाटते, वाड्याच्या भाषेत सोपे आहे.

एक जुनी गोष्ट आधी सांगतो. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ साली काही मंडळींनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. जिने चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे, हा त्रास वाचवण्यासाठी. ते चित्र सुरुवातीला फक्त त्या इमारतीतल्या संगणकांवर दिसे. १९९३ साली ते इंटरनेटवर आले आणि जगभरातले लोक कॉफी शिल्लक आहे की नाही ते पाहू लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला. घरातल्या घरात पाहणे ही पहिली पायरी आणि बाहेरून पाहणे ही दुसरी, हे तेव्हाच ठरून गेले. आपली अडचण दुसऱ्या पायरीवर असते.

आता वाडा डोळ्यांपुढे आणा. कसब्यातल्या एखाद्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असत, पण पोस्टाचा पत्ता एकच. पत्र देवडीवर येई आणि कोणते बिऱ्हाड कुठल्या जिन्याने, हे देवडीवरच्या माणसाला ठाऊक असे. तुमच्या घरातला राउटर ही ती देवडी. बाहेरच्या जगासाठी घराचा पत्ता एकच. आत मोबाइल, टीव्ही, कॅमेरा यांना राउटर आपापले क्रमांक देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. हे क्रमांक घरापुरतेच खरे. हाच क्रमांक शेजारच्या घरातही असू शकतो. म्हणून लंडनहून तो क्रमांक टाकला, तर कॅमेरा सापडत नाही.

त्यात आणखी एक गाठ आहे. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी. जगातली उपकरणे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. म्हणजे साऱ्या पेठेला एकच देवडी. अशा वेळी तुमच्या राउटरमध्ये कितीही बदल केले, तरी बाहेरचा माणूस तुमच्या दाराशी पोहोचत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला जुना. राउटरला सांगायचे, की अमुक क्रमांकाच्या दाराने कोणी आले, तर त्याला थेट कॅमेऱ्याकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. वाड्याच्या मोठ्या दरवाजात छोटा दिंडी दरवाजा असतो, तो कायमचा उघडा ठेवण्यासारखे हे आहे. त्यासाठी कंपनीकडून जादा पैसे भरून स्वतःचा कायमचा पत्ता घ्यावा लागतो किंवा बदलत्या पत्त्याची नोंद ठेवणारी सेवा घ्यावी लागते. दिंडीतून तुमचा मुलगा येतो, तसा चोरही येऊ शकतो.

दुसरा मार्ग आज बहुतेक कॅमेऱ्यांत असतो. बाहेरच्याला आत आणण्याऐवजी कॅमेराच बाहेर जातो आणि कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवून बसतो. आतून बाहेर जाणाऱ्याला देवडी अडवत नाही. मुलाच्या मोबाइलमधले ॲप त्याच सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमले तर पुढे दोघे थेट बोलतात, नाही तर चित्र सर्व्हरमार्फत जाते. कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा असतो, तो याच ओळखीसाठी. हा मार्ग सोपा, पण मधल्या माणसावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून कंपनी नावाजलेली हवी. भारत सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आहे. कॅमेरा घेताना तेवढी चौकशी अवश्य करावी.

तिसरा मार्ग व्हीपीएनचा. वाड्यापर्यंत एक बंद भुयार खणायचे आणि किल्ली फक्त घरच्यांकडे द्यायची. सर्वांत सुरक्षित हाच, पण तो लावायला जाणकार माणूस आणि बहुधा स्वतःचा पत्ता लागतो. घरात दोनच कॅमेरे असतील, तर दुसरा मार्ग नीट काळजी घेऊन वापरावा, असे माझे मत आहे.

थोडा हिशेबही करून ठेवावा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्र साठवत असेल, तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी जागा खातो. चार कॅमेरे असतील, तर १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुने चित्र पुसून त्यावर नवे चढते. चोरी झाल्याचे पंधरवड्याने कळले, तर चित्रण गेलेले असते. बाहेरून त्याच वेगाने पाहिले, तर तासाला सुमारे ९०० एमबी डेटा जातो. ॲपमध्ये कमी स्पष्टतेचा पर्याय असतो. ५१२ किलोबिटवर तोच खर्च २३० एमबीवर येतो. आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की राउटर बंद आणि डोळाही बंद. राउटर आणि रेकॉर्डर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवले, तर लंडनच्या मुलाचा जीव टांगणीला लागत नाही.

आता धोक्याविषयी. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. त्यामागे ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्राम होता. लोकांच्या घरांतले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर त्याने गुलामासारखे कामाला जुंपले होते. कुलूप फोडण्याची त्याला गरजच पडली नाही. कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड तो एकेक करून लावून पाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीची दृश्ये इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. तिथला पासवर्डही सहज ओळखता येण्याजोगा होता, असे बातम्यांत आले. त्या बायांनी कोणाकडे पाहावे?

म्हणून काही गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. कारखान्याचा पासवर्ड बदलावा, राउटरचाही. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, नातवाचे नाव नको. कॅमेरा बसवणारा तंत्रज्ञ पुष्कळदा स्वतःच्याच मोबाइलवरून खाते उघडून देतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण घराची किल्ली त्याच्याकडे राहते. खाते आपल्या नावाने उघडावे, त्याचे नाव काढून टाकावे. घरच्या इतरांना फक्त पाहण्यापुरता प्रवेश द्यावा. ॲपमध्ये दुहेरी पडताळणी असेल, तर ती चालू करावी. कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर अधूनमधून अद्ययावत करावे. क्यूआर कोडचा फोटो कुणाला पाठवू नये. काही वेडेवाकडे घडलेच, तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे.

इथे यंत्राचा भाग संपतो आणि माणसांचा सुरू होतो. माझी थोरली बहीण कॅम्पात एकटी राहते, मुलगा ब्रिटनमध्ये. त्याने बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावला. चार दिवसांनी गेलो, तर कॅमेऱ्यावर ओढणी टाकलेली. मी विचारले तर म्हणाली, “नमाजाला उभी राहते तेव्हा पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं.” भाचा फोनवर काकुळतीला आला होता. “मामू, अम्मी पडली तर मला कळायचं कसं?” दोघांचेही खरे होते. शेवटी कॅमेरा बाहेरच्या दाराकडे वळवला. त्याचा माइक बंद केला. आणि घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. आता भाचा रोज ठरल्या वेळी फोन करतो. आपाने उचलला नाही, तर काकू दार उघडतात. पडलेल्या माणसाला कॅमेरा उचलत नाही, शेजारी उचलतो.

कायदाही याच बाजूने बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाप्रमाणे, संमतीशिवाय एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने निकाल दिला, की सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरा चालवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

तेव्हा कॅमेरा आपल्या दाराकडे, जिन्याकडे, फाटकाकडे असू द्या. शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. घरात कामाला येणाऱ्या बाईला कॅमेरा कुठे आहे ते सांगा. ती आपल्या घरात काम करते, म्हणून तिचा खासगीपणा आपल्या मालकीचा होत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना भिंतीला खिळा मारण्याआधी विचारा. पासवर्ड सांभाळायला पाच मिनिटे लागतात, या विचारण्याला कदाचित एक संध्याकाळ लागेल. ती जरूर द्या.