ओटीपोटातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

सोनोग्राफीत ओटीपोटात गाठ दिसली, की घरातल्या सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते. पण क्वचित ही गाठ कॅसलमन विकाराची असते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. बेंजामिन कॅसलमन यांनी १९५० च्या दशकात त्याचे वर्णन केले. यात रोगजंतूंशी लढणारी लसिकाग्रंथी अवास्तव वाढते. बहुधा ती छातीत आढळते. ओटीपोटात फारच विरळा. तेथे स्त्रियांमध्ये ती अंडाशयाची गाठ वाटू शकते.

खरे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. विकार एकाच जागी असेल, तर संपूर्ण गाठ काढणे हाच उत्तम उपचार. बहुतेक रुग्ण त्याने बरे होतात. मात्र शस्त्रक्रिया नाजूक असते. गाठीला रक्तपुरवठा भरपूर, शिवाय शेजारी मोठ्या रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी. म्हणून सर्जन आधी सीटी स्कॅन पाहतात, रक्ताची सोय करून ठेवतात. कधी गाठीकडे जाणाऱ्या धमन्या अगोदरच बंद केल्या जातात.

विकार शरीरात अनेक ठिकाणी असेल, तर मुख्य भर औषधांवर असतो. म्हणूनच काढलेली गाठ तपासणीला पाठवली का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. तो अहवाल जपून ठेवा आणि पुढच्या तपासण्या चुकवू नका.