भिगवण : होडीतून रोहित

कुठे : भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० कि.मी. होड्या कुंभारगाव, डिकसळहून सुटतात.

कधी : डिसेंबर ते मार्च, तेही उजाडताच. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. धरण तुडुंब असेल तर घाई नको.

होडीवाले बहुतेक मच्छीमार. थव्याजवळ इंजिन बंद करून बांबूने होडी रेटतात. मग दिसतं ते खरं : मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी गाळून चाललेली न्याहारी. शिवाय चित्रबलाक, चक्रवाक, नदी सुरय. उडत्या थव्याच्या फोटोसाठी ‘जरा उडवा ना’ म्हणणारे पाहुणे असतातच. त्यांच्या होडीत बसू नका.